वशिला नसलेल्यांनी आपली नोंद कशी ठेवावी

‘पर्सनल ब्रँड’ हा शब्द आपल्या कार्यकर्त्यांच्या बैठकीत उच्चारला, तर एक तर हशा पिकतो, नाही तर कपाळाला आठी पडते. ही प्रतिक्रिया मला स्वाभाविक वाटते. इंग्रजीतला ‘ब्रँड’ हा शब्द मुळात तापलेल्या लोखंडाने गुराच्या अंगावर उठवलेल्या डागाचा आहे. जनावर कुणाच्या मालकीचे, हे त्या डागावरून कळे. ज्यांच्या अंगावर जातीचा डाग जन्मतःच उठवला गेला आणि तो पुसण्यात ज्यांच्या पिढ्या खर्ची पडल्या, त्यांनी आता स्वतःच्या हाताने नवा डाग उठवून घ्यावा आणि तो मिरवत बाजारात उभे राहावे, ही कल्पनाच अंगावर काटा आणणारी आहे. टॉम पीटर्स या अमेरिकी व्यवस्थापन-लेखकाने ‘फास्ट कंपनी’ या मासिकाच्या १९९७ सालच्या ऑगस्ट-सप्टेंबरच्या अंकातून हा विचार गाजवला. प्रत्येक माणूस ही एक कंपनी आणि तो स्वतः तिचा चालक, असा त्याचा आशय. माणसाचे विक्रीच्या वस्तूत रूपांतर करणाऱ्या भांडवली विचाराचे हे टोक आहे, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

परंतु हशाने आणि आठीने प्रश्न संपत नाही. मी ज्या वर्गांना शिकवतो, त्यांतली बहुसंख्य मुलेमुली आपापल्या घरातली पहिली पदवीधर होणार आहेत. मीही माझ्या घरातला पहिलाच. ही मुले अर्ज करतात, तेव्हा अर्ज उघडणारा माणूस पुष्कळदा त्यांचे नाव इंटरनेटवर टाकून पाहतो. काय दिसते त्याला? एक तर काहीच दिसत नाही, नाही तर कुणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर कोपऱ्यात छापलेला चेहरा दिसतो. चार वर्षे त्या मुलाने अभ्यासिका चालवलेली असते, वस्तीतल्या पोरांचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरलेले असतात, उत्तम प्रबंधिका लिहिलेली असते. त्यातले काहीच दिसत नाही. ‘ब्रँड’ या शब्दाला आपण नकार देऊ शकतो, पण आपल्या नावापुढे जी रिकामी जागा आहे ती तशीच ठेवणे म्हणजे नकार नव्हे. ती जागा मग दुसरे कुणी तरी, आपल्या पूर्वग्रहाने, भरते.

म्हणून या लेखात मला एकच गोष्ट मांडायची आहे. नेटवरची व्यावसायिक ओळख ही ज्यांच्यापाशी वशिला आहे त्यांच्यासाठी शोभेची वस्तू असेल. वशिला नसलेल्यांसाठी ती कामाची नोंदवही आहे, आणि ती नोंदवहीसारखीच ठेवली पाहिजे.

वशिला म्हणजे काय?

वशिला म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मंत्र्याची चिठ्ठी येते. प्रत्यक्षात वशिल्याचे फार मोठे काम चिठ्ठीवाचून चालते. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली ‘सैल ओळखींचे बळ’ अशा आशयाच्या शीर्षकाचा निबंध प्रसिद्ध केला. ओळखीतून नोकरी मिळालेल्या माणसांना त्याने विचारले, की ज्या माणसाकडून नोकरीची बातमी कळली तो तुम्हांला किती वेळा भेटत असे? नेहमी भेटणाऱ्याकडून बातमी मिळालेले लोक जेमतेम सहावा हिस्सा भरले. उरलेल्यांना ती मिळाली होती अधूनमधून किंवा क्वचितच भेटणाऱ्यांकडून. कारण उघड आहे. जवळच्या माणसांना जे ठाऊक असते ते आपल्यालाही ठाऊक असते. नवी बातमी येते ती दुरून.

आता हे सूत्र आपल्या समाजवास्तवाला लावून पाहा. आपली नाती घट्ट आहेत. भावकी, वस्ती, वसतिगृह, विहार, चळवळ: अडीअडचणीला रात्री दोन वाजता धावून येणारी ही माणसे आहेत. पण ती आपल्यासारखीच नोकरीच्या शोधात आहेत, किंवा जिथे माणसे नेमली जातात त्या खोलीच्या बाहेर उभी आहेत. आपल्याकडे तुटवडा आहे तो सैल ओळखींचा. प्रस्थापित घरातल्या मुलाला त्या जन्माबरोबर मिळतात. वडिलांचा वर्गमित्र, मामाचा शेजारी, आईच्या ऑफिसातल्या बाई, गणपतीच्या मंडळातले काका. तो मुलगा याला वशिला म्हणत नाही. त्याला ते ‘सहज कळले’ असते. या ‘सहज’मध्ये शेकडो वर्षांची संचित मालमत्ता आहे, आणि तिचा उल्लेख कोणत्याही बायोडेटात होत नाही.

लिंक्डइन हे व्यावसायिक ओळखींचे संकेतस्थळ २००३ साली सुरू झाले. २०१६ साली मायक्रोसॉफ्टने ते विकत घेतले. त्याच्या माहितीवर आधारलेला एक मोठा अभ्यास सप्टेंबर २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. संशोधकांमध्ये त्या कंपनीशी संबंधित माणसेही होती, हे ध्यानात ठेवावे. पाच वर्षांच्या काळात दोन कोटींहून अधिक सदस्यांना सुचवल्या जाणाऱ्या ओळखींत फेरफार करून त्यांनी परिणाम पाहिला. निष्कर्ष असा, की नोकरी बदलण्यास सर्वांत उपयोगी ठरतात त्या अगदी घट्टही नव्हेत आणि अगदी नावापुरत्याही नव्हेत, अशा मधल्या सैल ओळखी. ग्रॅनोव्हेटरचे म्हणणे बऱ्याच अंशी खरे ठरले.

आपल्या दृष्टीने यातला मुद्दा हा, की जी ओळख जन्माने नाकारली ती काही प्रमाणात कामाच्या नोंदीतून मिळवता येते. ‘काही प्रमाणात’ हे शब्द मी जाणूनबुजून वापरतो आहे.

नावाचे काय करायचे?

कारण नोंदीच्या वर नाव असते, आणि नावात आडनाव असते. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त ऑक्टोबर २००७ मध्ये आलेला अभ्यास प्रत्येक शिक्षकाने विद्यार्थ्यांना समजावून सांगावा असा आहे. खाजगी कंपन्यांच्या वृत्तपत्रांतील जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले. फरक ठेवला तो नावांचा. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढचे बोलावणे येण्याचा संभव सुमारे दोन-तृतीयांश भरला. मुस्लिम नावाला तर सुमारे एक-तृतीयांशच. त्याच साली सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी दिल्लीतल्या मोठ्या कंपन्यांच्या २५ मनुष्यबळ अधिकाऱ्यांच्या मुलाखतींवरून दाखवून दिले, की गुणवत्तेची भाषा बोलणारे हे लोक उमेदवाराची ‘घरची पार्श्वभूमी’ आवर्जून विचारतात. जातीचे नाव न घेता जात तपासण्याची ही आधुनिक रीत आहे.

यात नवे काही नाही. कोलंबियात शिकून आलेले बाबासाहेब १९१७ साली बडोद्याला नोकरीवर रुजू झाले तेव्हा त्यांना राहायला जागा मिळाली नाही, आणि काही दिवसांतच ते शहर सोडावे लागले. पुढे मुंबईत त्यांनी शेअरबाजाराच्या व्यवहारांविषयी सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाइके यायची थांबली, असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे. १९२० साली ‘मूकनायक’ निघाले, तेव्हा पैसे देऊ केले असतानाही ‘केसरी’ने त्याची जाहिरात छापायचे नाकारले. ज्ञान होते, पदवी होती, मोबदला द्यायची तयारी होती. तरी दार बंद झाले. म्हणून ‘चांगला प्रोफाइल केला की सगळे मिळते’ असे सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. जातिव्यवस्था ही कुणाच्या प्रोफाइलमधली उणीव नव्हे. तिच्याविरुद्धचा लढा कायद्याने आणि चळवळीनेच लढावा लागेल. खाजगी क्षेत्रातल्या आरक्षणाची मागणी एका चांगल्या छायाचित्राने अनावश्यक ठरत नाही.

मग आडनाव गाळावे का? हा प्रश्न विद्यार्थी मला दर वर्षी विचारतात, आणि दबक्या आवाजात विचारतात. काही तरुण नेटवर केवळ स्वतःचे आणि वडिलांचे नाव लिहितात. त्यांना कुणी पळपुटे म्हणू नये. ज्याच्या पगारावर घरची चूल पेटणार आहे, त्याने कोणता धोका पत्करावा हे व्यासपीठावरून ठरवण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण निर्णय घेण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली म्हणजे लपवलेली जात बहुधा लपत नाही. प्रमाणपत्रावर आडनाव असतेच. गाव, वसतिगृहाचे नाव, चौदा एप्रिलचे छायाचित्र, इतके शोधणाऱ्याला पुरते. दुसरी गोष्ट अशी, की दोन नावांनी जगणाऱ्याचे काम दोन ठिकाणी विभागले जाते आणि दोन्ही ठिकाणी ते अर्धे दिसते. शिवाय कुणाला कळेल का या धास्तीत जी शक्ती खर्च होते, तिची मोजदाद कुठेच होत नाही. मी माझे आडनाव ठेवले आहे. ते पाहून जो फोन करणार नाही, त्याच्या हाताखाली काम करण्याचा प्रसंग टळतो, एवढा हिशेब मी केला. सर्वांना तो परवडेल असे मी म्हणत नाही.

नोंद कशी करावी?

प्रथम नावाचे एकच रूप ठरवावे. दिसायला हे क्षुल्लक वाटेल, पण आपल्या मुलांचे मोठे नुकसान इथेच होते. महाराष्ट्रात गुणपत्रिकेवर आडनाव आधी येते, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे. एका शोधनिबंधावर नाव त्याच क्रमाने छापले जाते, दुसऱ्यावर उलट क्रमाने, तिसऱ्यावर केवळ आद्याक्षरे. कांबळे हे आडनाव रोमन लिपीत दोन तऱ्हांनी लिहिले जाते. वाघमारे, साळवे यांचेही तसेच. यंत्राला ही सगळी वेगवेगळी माणसे वाटतात. तेव्हा पदवी प्रमाणपत्राशी जुळणारे एक रूप ठरवून सर्वत्र तेच वापरावे. ई-मेलचा पत्ताही त्याच नावाचा असावा. शाळकरी वयात काढलेला ‘किंग’ किंवा ‘वाघ’ लावलेला पत्ता मित्रांपुरता ठेवावा. संशोधन करणाऱ्यांनी ‘ऑर्किड’ नावाचा सोळा अंकी क्रमांक घ्यावा. २०१२ पासून तो मोफत मिळतो, आणि नावाचे स्पेलिंग काहीही छापले गेले तरी काम आपल्याच खात्यावर जमा राहते.

त्यानंतर ओळखीचे वाक्य. ‘नोकरीच्या शोधात’ असे लिहू नये. आपल्याला काय येते आणि आपण काय करतो, ते लिहावे. ‘मेहनती, प्रामाणिक, समाजकार्याची आवड’ या शब्दांतून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. उदाहरणार्थ, असे लिहून पाहावे: ‘२०२१ ते २०२४ या काळात वस्तीतली अभ्यासिका चालवली. रोज तीस मुले बसत. पुस्तके मिळवणे, जागेचा करार, वर्गणीचा हिशेब ही कामे केली.’ यात एकही विशेषण नाही, पण माणूस उभा राहतो.

हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आपल्या मुलांनी केलेले सर्वांत चांगले काम त्यांना स्वतःलाच काम वाटत नाही. ‘ते तर चळवळीचे, सर,’ असे म्हणून ती ते गाळतात आणि त्या जागी एखाद्या दोन दिवसांच्या कार्यशाळेचे प्रमाणपत्र लिहितात. माहिती अधिकारात अर्ज करून रस्त्याच्या खर्चाची कागदपत्रे मिळवणे ही संशोधनाची पद्धत आहे. रोजगार हमीच्या हजेरीपटाची तपासणी हे लेखापरीक्षण आहे. महाडीबीटीवर शंभर मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरून त्रुटी दूर करणे हे प्रशासनाचे काम आहे. व्याख्यानमाला भरवणे हे नियोजन आहे. येसकर, तराळ म्हणून आपल्या आजोबा-पणजोबांनी गावाची सगळी कामे वाहिली, शिवेच्या तंट्यात साक्ष दिली. पण ते काम कौशल्य म्हणून कुणी मोजले नाही, ते ‘कर्तव्य’ ठरवले गेले. आपल्याच कामाला काम न म्हणण्याची ही सवय त्या व्यवस्थेने लावलेली आहे. ती मोडणे हा आत्मभानाचाच भाग आहे.

तिसरी गोष्ट पुराव्याची. लिहिलेल्या प्रत्येक ओळीमागे दाखवण्यासारखे काही असावे: अहवाल, लेख, वृत्तपत्रातले कात्रण, ध्वनिचित्रफीत. पीएच.डी. झालेल्या पुष्कळांचा प्रबंध गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’ भांडारात असतो. त्याचा दुवा स्वतःच्या प्रोफाइलवर द्यावा. गूगल स्कॉलरवर आपले पान करून त्यावर स्वतःचे निबंध तपासून घ्यावेत. सारख्या नावाच्या दुसऱ्या माणसाचे निबंध तिथे आपोआप येऊन बसतात, ते काढून टाकावेत. प्राध्यापकमित्रांना एक सांगायचे आहे. नियतकालिकांची ‘केअर’ यादी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ साली बंद केली. त्यामुळे पैसे घेऊन आठवड्यात निबंध छापणाऱ्यांना पुन्हा मोकळे रान मिळू शकते. अशा दहा निबंधांची रांग आपले नाव वाढवत नाही. जाणकार वाचक ती पाहूनच पुढचे पान बंद करतो. त्यापेक्षा एक नीट केलेला अभ्यास ठेवावा.

चौथी गोष्ट भाषेची. इंग्रजी सफाईने येत नाही म्हणून पान रिकामे ठेवणारे विद्यार्थी मी पुष्कळ पाहतो. साध्या, छोट्या इंग्रजी वाक्यांत काम सांगावे, आणि त्याखाली मराठीतही लिहावे. दुसऱ्याच्या प्रोफाइलमधली भारदस्त वाक्ये उचलू नयेत, यंत्राकडून लिहून घेतलेली तर मुळीच नकोत. मुलाखतीत पहिल्याच प्रश्नाला ती उघडी पडतात.

काय ठेवू नये?

जातीचे प्रमाणपत्र, वैधता प्रमाणपत्र, आधार, जन्मतारखेसह गुणपत्रिका, घरचा पत्ता यांची छायाचित्रे नेटवर टाकू नयेत. नोकरी देतो म्हणून आधी अनामत, ‘प्रशिक्षण शुल्क’ किंवा ‘फाइल चार्ज’ मागणारा ठग समजावा. खरी नोकरी देणारा उमेदवाराकडून पैसे घेत नाही. गरजू घरातली मुले अशा जाळ्यात लवकर सापडतात, कारण ‘घरात पहिल्यांदाच कुणी तरी कंपनीत लागणार’ या आनंदात आई दागिना मोडायला तयार होते. मुलींनी फोन क्रमांक उघड ठेवू नये. संपर्कासाठी ई-मेल पुरेसा आहे.

राजकीय मतांचे काय, हा प्रश्न कार्यकर्त्यांच्या मनात असणारच. शासकीय सेवेत असलेल्यांना आचारनियम लागू आहेत, आणि महाराष्ट्र शासनाने जुलै २०२५ मध्ये समाजमाध्यमांच्या वापराविषयीही सूचना काढल्या आहेत. त्या वाचून घ्याव्यात. इतरांनी आपले वैचारिक लेखन लपवू नये, असे माझे मत आहे. विचारपूर्वक लिहिलेला लेख हे कामच आहे. मात्र रात्री रागाच्या भरात लिहिलेल्या ओळी आणि अभ्यास करून लिहिलेला लेख यांत भेद करावा. आपल्या रागाला इतिहासाचे कारण आहे. पण त्या ओळी संदर्भ तोडून दाखवल्या जातील तेव्हा इतिहास सांगायला कुणी आपल्याला बोलावणार नाही. आठवड्याला एक तास या नोंदीसाठी पुरे. दिवसभर कुणी वाहवा केली हे पाहत बसणे, हे त्या कंपन्यांच्या फायद्याचे आहे; त्यांचा धंदाच आपल्या वेळेवर चालतो.

एकट्याचे नाव, अनेकांचे दार

शेवटचा मुद्दा मूल्यांचा आहे. पीटर्सच्या विचारात माणूस एकटा असतो आणि शेजारी त्याचा स्पर्धक असतो. हे आपल्याला चालणार नाही. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत शिकलेल्या लोकांविषयी बाबासाहेबांनी जी व्यथा बोलून दाखवली, ती आपल्या सर्वांना पाठ आहे. पण बहुधा ती आपण दुसऱ्याला ऐकवण्यासाठीच वापरतो. आपल्यातला जो आत गेला आहे, तो वशिला नसलेल्यांसाठी सैल ओळख होऊ शकतो. अनोळखी विद्यार्थ्याच्या निरोपाला दोन ओळींचे उत्तर द्यावे. जागा निघाली की ती खुल्या पानावर सांगावी. ज्याचे काम आपण प्रत्यक्ष पाहिले आहे, त्याची शिफारस नेमक्या शब्दांत लिहावी. न पाहिलेल्याची लिहू नये, कारण खोटी शिफारस पुढच्या दहा खऱ्या शिफारशींचे मोल घालवते.

हे काम एकेकट्याने करण्यापेक्षा अभ्यासिकेत मिळून करावे. महिन्यातल्या एका रविवारी आठ-दहा जणांनी आपापली प्रमाणपत्रे आणि एक कोरी वही घेऊन बसावे. मोबाइल नंतर काढावा. आधी प्रत्येकाने गेल्या पाच वर्षांत काय काय केले, ते मोठ्याने सांगावे आणि शेजाऱ्याने ते लिहून घ्यावे. स्वतःचे काम सांगताना आपण जे गाळतो, ते शेजाऱ्याला बरोबर आठवते.